शालिनीताईंचा नेम

शालिनीताईंचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी उमाजीराव माझ्या दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एकेक काज चुकून लावलेली. सगळी नोकरी पोलीस खात्यात झालेला माणूस. शेजारी म्हणून इतकी वर्षं काढली, पण मी त्यांना चुरगळलेल्या कपड्यांत कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "या भाऊजी, बसा." ते बसले नाहीत.

"वहिनी, तुम्ही शाळेत संस्कृत शिकवत होत्या. तुम्हाला हे सगळं मालूम असते," ते म्हणाले. "शालिनीने चातुर्मासाचा काही नेम धरला होता. काय धरला होता ते मला नाही माहीत. हॉस्पिटलात शेवटी तेच बोलली. नेम राहिला, पुरा करून द्या. आता मी काय पुरा करू? मला माहीतच नाही नं."

एवढं बोलून ते उंबऱ्यावरच खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागले. मी पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला. दुसरं काय करणार?

त्यांच्या घरची रीत मला ठाऊक होती. आषाढी एकादशीला घरातल्या बाईने देवापुढे दिवा लावून मनातल्या मनात नेम धरायचा आणि तो कोणाला सांगायचा नाही. कार्तिकी एकादशीपर्यंत पाळायचा, मग उद्यापन करायचं आणि जसा नेम तसं दान द्यायचं. रोज दिवा लावायचा नेम असेल तर समई द्यायची. पत्रावळीवर जेवत असेल तर ताट द्यायचं. मधेच माणूस गेलं तर घरातल्या दुसऱ्या कोणी तो नेम पुढे चालवायचा. तो सुटला तर गेलेला जीव अडकून राहतो, असं उमाजीराव मानत होते. म्हणजे त्यांच्या लेखी बायको कुठेतरी ताटकळत उभी होती आणि तिला सोडवायचं कसं ते त्यांना कळत नव्हतं.

"मी शोधते," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मला त्या नेमाशी काही देणंघेणं नव्हतं. शालिनीताईंवर माझा राग होता. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं म्हणतात. मी धरला होता, आणि कारण असल्याशिवाय मी राग धरत नाही.

आम्ही इकडे हिंदी मुलखात, किल्ल्याजवळच्या हजीऱ्याला, हाउसिंग बोर्डाच्या रांगेतल्या घरांत राहतो. त्यांची आमची भिंत एकच. इकडे शिंक आली की तिकडून "जियो" म्हणतील अशी. वर्षानुवर्षं वाटीतून भाज्या गेल्या-आल्या, एकमेकींच्या मुलांना ताप आले ते आम्ही मिळून काढले, पण एका शब्दाने कधी भांडण झालं नाही. मग फाल्गुनात माझे यजमान, लक्ष्मीकांत, सकाळी पेपर वाचता वाचता गेले. पेपर मांडीवर तसाच होता. मी आतून विचारलं, चहा टाकू का, आणि उत्तर आलं नाही.

त्यानंतर मी आजारी नव्हते, पण उठत नव्हते. चहा आणि बिस्किटं यांवर माणूस किती दिवस निघतो याचा मी प्रयोगच करत होते म्हणा. आमची अवंतिका पुण्याला असते. ती रोज फोन करायची. एकदा म्हणाली, "आई, रोज सकाळी चहा घेताना कालच्या दिवसातली एक तरी चांगली गोष्ट आठवायची. शांत बसून. खूप फरक पडतो." मी म्हटलं, "कालच्या दिवसातली चांगली गोष्ट हीच की तो संपला." तिने फोन ठेवला. रडली असणार. मला त्याचंही काही वाटलं नाही, इतकी मी वाळून गेले होते.

आणि अशा वेळी शालिनीताई उलटल्या.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, त्या फाटक उघडून तरातरा आत आल्या. मी पडलेली. "पद्माताई, तुमच्या शेवग्याची पत्ती सगळी आमच्या आंगनात येते," त्या म्हणाल्या. "रोज कोण झाडणार? मी काय नोकर आहे?"

शेवगा लक्ष्मीकांतांनी लावलेला. त्याच्या शेंगा ह्याच बाईंनी वर्षानुवर्षं आमटीत घातल्या होत्या. पानांची भाजी करून मलाच वाटी आणून दिली होती. माझं डोकं असं फिरलं की मी उठले, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि माझं अंगण, त्यांचं अंगण, वर रस्त्यापर्यंतचा भाग खराखरा झाडून काढला. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. "तिथे राहिली बघा दोन," असंही म्हणाल्या. घरी आले तर भूक लागली होती. मी कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी टाकी. "तुमची टंकी भरून वाहते. आमच्या भिंतीला सीलन आली आहे." मी तणतणत गच्चीवर गेले. टाकी अर्धीसुद्धा भरली नव्हती, भिंतीला ओल कुठून येणार? खाली येऊन त्यांना हे कोणत्या शब्दांत ऐकवायचं, याची जुळवाजुळव करत मी वर बराच वेळ उभी राहिले. समोर किल्ला होता. फाल्गुनापासून मी गच्चीवर पाऊल टाकलं नव्हतं. वारा होता, कोणाचा तरी पतंग अडकून फडफडत होता. मग मी खाली आले आणि त्यांना पाच मिनिटं ऐकवलं. त्यांनी पदराने घाम पुसत ऐकून घेतलं. "बरं, दिसायची चूक झाली असेल," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मग रोजच सुरू झालं. टीव्हीचा आवाज, माझ्या गेटची कुरकुर, वाळत घातलेली चादर त्यांच्या तारेवर झुकते, तुळस अशी कशी वाळली, ब्राह्मणाच्या घरची तुळस अशी असते का. एकदा तर कुकर. "तुमचा कुकर नीट वाजत नाही आजकाल. शिट्टी बदलून घ्या. कच्चं खाऊन आजारी पडाल आणि धावायचं मला." माझ्या स्वयंपाकाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. मी त्याच दिवशी बाजारात जाऊन अशी शिट्टी बसवून आणली की गल्लीच्या टोकाला ऐकू यावी. कधी कधी तर बाई दिवसातून दोनदा यायच्या. अकराला भांडून समाधान झालं नाही तर एकला पुन्हा.

आणि आणखी एक. माझा कुकर वाजला की थोड्याच वेळात भिंतीपलीकडे ताटली आपटल्याचा आवाज यायचा. रोज. मला वाटायचं, मुद्दाम आपटतात.

मी अवंतिकाला सांगितलं, "घरात पुरुष माणूस नाही, मुलगी लांब. शेजारीण आता मला दाबायला बघते आहे." असं होतं हे मी इतर बायकांकडून ऐकलेलं होतं. पण मीही काही पडती बाजू घेणारी नव्हते. सकाळचा चहा घेताना मी उत्तरं तयार करायचे. आज गेटचं काढलं तर हे बोलायचं, तुळशीचं काढलं तर ते. तुळस नवी आणून लावली, म्हणजे तोंड बंद. अकरा वाजायच्या आत मी आंघोळ करून, पातळ बदलून बसलेली असायचे. शत्रूला गबाळ्या अवतारात तोंड कोण देणार?

पितृपक्षात एक दिवस त्या आल्या नाहीत. अकरा वाजले, बारा वाजले. सकाळी गल्लीत गाडीचा आवाज झाला होता, पण तो कोणासाठी ते मला कळलं नव्हतं. दुपारी त्यांचा मुलगा, तरुण, मोटारसायकलवरून धावत कपडे न्यायला आला तेव्हा समजलं. पडाव भागातल्या एका हॉस्पिटलात नेलं होतं. छातीत दुखत होतं. "काकू, तुम्ही नका येऊ, एकाच माणसाला आत जाऊ देतात," तो म्हणाला. "दोन दिवसांत घरी आणतो." मी म्हटलं, बरं.

त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. कोणी भांडायला आलं नाही, उठावंसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही चहा-बिस्किटांवर काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घरी आणलं, ते तसं.

तर हा माझा राग. मला भांडण अर्धवट सोडलेलं आवडत नाही, आणि बाई अर्धवट सोडून गेल्या होत्या.

नेम शोधायला मी जन्मभर ज्या पद्धतीने पोरांना प्रश्न विचारले त्याच पद्धतीने बसले. समोर उमाजीराव आणि त्यांची सून विनिता. विनिता खाजगी शाळेत शिकवते. वांगं-कांदा सोडला होता का? तो तर सगळेच सोडतात, विनिता म्हणाली. दिवा? पहिल्यापासूनच लावायच्या. साखर सोडली होती, पण ती डॉक्टरने सोडवली होती, त्यांना शुगर होती.

"भाऊजी, तुम्हाला काय वेगळं दिसलं? आठवून सांगा."

उमाजीराव विचार करत राहिले. मग म्हणाले, "दुपारी बोलत नव्हती. मी बारा वाजता जेवायला बसलो की ती समोर बसायची, पण चुप. पहिले किती बोलायची. मी काही बोललो तर असा हात वर करून द्यायची, थांबा म्हणून. मी म्हटलं, नाराज आहे का काय. तर नाही, चेहरा चांगला राहायचा. बस, चुप."

मला एकदम उलगडलं. "मौन," मी म्हटलं. "जेवणाच्या वेळेचं मौन. फार जुना नेम आहे, आणि अवघड. त्याच्या उद्यापनाला घंटा दान करतात."

उमाजीरावांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उजेड आला. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मी पुढे हेही सांगून टाकलं की आता कार्तिकी एकादशीपर्यंत तुम्ही मौनाने जेवायचं, म्हणजे नेम पुरा होईल. त्याच आठवड्यात मी त्यांच्याबरोबर सराफा बाजारात गेले. त्यांना घंटा चांदीचीच हवी होती. एकेक उचलून ते कानाशी नेऊन वाजवत होते. एक वाजवून म्हणाले, "हिचा आवाज तिच्यासारखा आहे," आणि दुकानदाराकडे पाठ करून उभे राहिले. तीच घेतली.

उमाजीराव बोलका माणूस. नोकरीतले किस्से जेवताना सांगायचे. भिंतीतून मला अर्धे अर्धे ऐकू यायचे, आणि लक्ष्मीकांत हसायचे. आता तिकडून काही येईना. मी मनात म्हटलं, चोख पाळतात. दसरा गेला, दिवाळी आली. पाडव्याला मी फराळाचं ताट घेऊन गेले तर ते अंगणात खुर्चीवर बसले होते. मी बोलले, त्यांनी मान हलवली. आतून विनिता बाहेर आली आणि मला फाटकापर्यंत सोडायला आली. "काकू, पापा आता जेवल्यावर पण नाही बोलत," ती हळू म्हणाली. "दिवसभर नाही बोलत. थाळीत हात घालून बसून राहतात. आधी वाटलं, नेम आहे. पण आता मला भीती वाटते." मी म्हटलं, थोडेच दिवस राहिलेत, नेम संपला की होईल ठीक. शिकवणारी माणसं फार पटकन उत्तर देतात.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची नात, सोनिका, माझ्याकडे आली. बारावीत आहे. शाळेचा गणवेश अजून अंगावरच होता.

"पद्मा आजी, एक बात सांगू? पण तुम्ही चिडून नका जाऊ."

"आधी सांग. चिडायचं का ते मग ठरवते."

ती माझ्या पलंगाच्या कडेला बसली. "आजीचा नेम मौन नव्हता."

मी तिच्याकडे वळून बसले.

"आजी चुप बसायची, कारण ती ऐकत असायची." तिने माझ्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तुमचा कुकर."

"म्हणजे?"

"तुमचा कुकर वाजल्याशिवाय ती जेवत नव्हती. वही नेम था. एकादशीला देवाजवळ ती हळू बोलली, की पद्माताईच्या घरी अन्न शिजल्याशिवाय मी घास नाही घेणार. मी तिथेच होती, मैंने सुन लिया. तर तिने मला कसम घातली. सांगितलं तर नेम टूट जातो." सोनिका आपल्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "घरात सगळ्यांना वाटायचं, ती माझ्यासाठी थांबते. मी दोन वाजता येते नं शाळेतून. पण ती तुमच्यासाठी थांबायची. किसी किसी दिन तर चार वाजून जायचे."

मला त्या वेळी सगळ्यात आधी काय आठवलं तर ती ताटली. माझा कुकर, आणि मग ताटली.

"आणि ती भांडणं?" मी विचारलं.

"आजी म्हणायची, समजवून काही फायदा नाही. पद्माताई हो हो म्हणते आणि झोपून जाते. ती गुस्से में ही उठते. मग आम्ही दोघी सोचत बसायचो, उद्या काय काढायचं. टंकीवाला आयडिया माझा होता." ती हसायला गेली आणि तिचा चेहरा मोडला. "एक दिवस ती रडत पण आली होती तुमच्याकडून. तुळशीवालं बोलून. म्हणाली, असं नव्हतं बोलायला पाहिजे, त्यांच्या मिस्टरांनी लावली होती. पण तुम्ही नवीन तुळस आणली, तो फिर खुश हो गई."

मी खिडकीतून बाहेर तुळशीकडे पाहत राहिले.

"हॉस्पिटलात खिचडी आली होती," सोनिका म्हणाली. आता ती थांबणार नव्हती. "पापा, मम्मी, आजोबा, सगळे मागे लागले. ती म्हणाली, अजून नाही. दूसरे दिन भी, अजून नाही. सबको लगा भूख नहीं है. मला माहीत होतं. मी तिच्या कानात जाऊन बोलली, आजी, झाली शिट्टी, आता खाऊन घे. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. उसको पता चल गया कि मैं झूठ बोल रही हूँ."

तिला कळलं होतं. बरोबरच कळलं होतं. त्या दोन्ही दिवशी माझा कुकर चढला नव्हता.

मी त्या पोरीला विचारू नये ते विचारलं. "सोनू, उशिरा जेवण्याने झालं का गं हे? शुगर होती त्यांना."

"डॉक्टर बोले हार्ट पहले से खराब था." मग तिने बोटाची ओढणी सोडली. "मला नाही माहीत, आजी."

मलाही माहीत नाही. हे कोणीच मला कधी सांगू शकणार नाही आणि हे घेऊनच मला राहायचं आहे.

"मी आता का सांगितलं," सोनिका डोळे पुसत म्हणाली, "कारण आजोबा. आजी चुप करायची, तो भी ते बोलायचे. तुम्ही बोलल्या मौन, तर ते मौनच होऊन गेले. आजीला हे नसतं आवडलं."

ती गेल्यावर मी बसल्या जागेवरून हलले नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा उठून चहा केला. कप हातात घेतला आणि अवंतिकाचं बोलणं आठवलं. शांत बसून एक चांगली गोष्ट आठवायची. मी आठवायला लागले, आणि एक आठवेना, सगळ्याच आल्या. माझ्या हातात झाडू होता आणि शेवग्याची पिवळी पानं पुढे पळत होती. गच्चीवर वारा होता आणि तो अडकलेला पतंग. शिट्टी घ्यायला बाजारात गेले त्या दिवशी येताना मी पेरू घेतले होते आणि चालता चालताच एक खाल्ला होता, गोड होता. नव्या तुळशीला पहिली मंजिरी आली तेव्हा मी ती दाखवायला कोणी नाही म्हणून शालिनीताईंचीच वाट बघितली होती. भांडणासाठी वाट बघत होते असं मला वाटलं होतं. मी नुसतीच वाट बघत होते. लक्ष्मीकांत गेल्यानंतरचे माझे सगळे चांगले दिवस त्या बाईने फाटक ढकलून, कमरेवर हात ठेवून, स्वतः उपाशी राहून माझ्या घरात आणून टाकले होते, आणि मी त्यांना शत्रू म्हणत आंघोळ करून बसत होते.

तेराव्याला मी रडले नव्हते. आता रडले. चहा गार झाला.

अकरा वाजता मी पातळ बदललं आणि त्यांच्याकडे गेले. उमाजीराव अंगणात खुर्चीवर होते. दाढी तशीच. मी समोर जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, नेम मौन नव्हता. माझी चूक झाली."

त्यांनी वर पाहिलं.

"खरा नेम काय होता ते मला कळलं आहे. पण तुमच्या घरची रीत आहे, सांगायचा नाही. आता तो मी चालवते आहे. तुम्ही बोलायला लागा."

त्यांच्या ओठांची हालचाल झाली, आवाज निघाला नाही. इतके दिवस बंद पडलेला नळ आधी नुसता घरघरतो, तसं झालं. मग निघाला.

"मौन नव्हता?"

"नव्हता."

"दिवाळी गेली वहिनी. दिवाळीत मी पोरीशी नाही बोललो. नेम म्हणून." ते खुर्चीचे हात धरून उठले. "तुम्ही सांगितलं म्हणून. शास्त्रात आहे म्हणून. आणि आता येऊन सांगता, नव्हता?"

"हो."

"आणि त्या घंटेचं काय करू मी? आं? काय करू?"

मी कमरेवर हात ठेवले. मी म्हटलं, "घंटेचं नंतर बघू. आधी तुमची ती स्कूटर हलवा. किती दिवस माझ्या फाटकाला आडवी उभी आहे. मी काय भिंतीवरून उडी मारून जाऊ?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. विनिता आणि सोनिका दारात आल्या होत्या. उमाजीराव लाल झाले. "कधी बोलल्या नाहीत इतक्या वर्षांत, आणि आज स्कूटर?" मग त्यांनी मला जे ऐकवलं ते आमच्या सबंध रांगेने ऐकलं असेल. मी मधे मधे तेल घालत राहिले. सोनिकाने तोंडावर ओढणी दाबून धरली होती. ती हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही.

घरी येऊन मी कुकर लावला. शिट्ट्या झाल्या. मी गॅस बंद केला आणि भिंतीशी पाट टाकून बसले. पलीकडून काही आलं नाही. बारा होऊन गेले, एक झाला. भूक लागली होती, चांगलीच. शालिनीताई अशाच बसायच्या, याच भिंतीच्या त्या बाजूला, हात वर करून, नवऱ्याला गप्प करून. उपाशी पोटी चेहरा चांगला ठेवून. मी भिंतीला हात लावून पाहिला. ऊन पडून ती कोमट झाली होती.

मग मी दुसऱ्यांदा गेले. त्याही अशाच दुसऱ्यांदा यायच्या.

उमाजीराव अंगणातच होते, ताट झाकलेलं आत पडलं होतं. "स्कूटर अजून तिथेच आहे," मी म्हटलं.

"हलवतो म्हणालो नं."

"कधी? पुढच्या आषाढात?"

ते उठले, माझ्या देखत स्कूटर ढकलून पलीकडे लावली, आणि न बोलता आत गेले. दार जरा जोरातच लावलं. मी घरी आले, पाटावर बसले आणि कान दिले. आधी त्यांचा आवाज आला, मोठा, चिडलेला. सोनिकाला सांगत होते, ही बाई पहिल्यापासूनच अशी आहे, लक्ष्मीकांत बिचारा म्हणून निभवून गेला, तुला किस्सा सांगतो.

मग ताटली आपटल्याचा आवाज झाला. मी उठले आणि माझं पान वाढून घेतलं.